दहा चाकांचं विमान: १/१४४ ए३२०च्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

कपाटावरचा डबा अखेर खाली आला. एअरबस ए३२० विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा, खऱ्याच्या १/१४४ मापाचा. नवऱ्याने चार वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिला होता, वर लुफ्थान्साचं चित्र. मला मात्र यातून इंडियन एअरलाइन्सचं विमान करायचंय, नव्वद सालच्या आसपासचं: पांढरं अंग, फिकट राखाडी चंदेरी पोट, नारिंगी शेपूट. सासरे, म्हणजे अण्णा, सांताक्रूझला त्याच कंपनीच्या इंजिनिअरिंगमध्ये होते, व्हील बेमध्ये, म्हणजे चाकांच्या कामावर. नवऱ्याचं बालपण कलिन्याच्या कॉलनीत गेलं. तेव्हा घरात दुसरं कुठलं विमान शोभणारच नाही.

वरून लावायचे भाग दोन पुड्यांत आलेत. एकात पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेले अँटेना, वायपर, ड्रेन मास्ट (पोटाखालच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या), गिअरच्या म्हणजे चाकांच्या पायांच्या दारांच्या काड्या. दुसऱ्यात रेझिनची दोन इंजिनं. डब्यातली इंजिनं सीएफएम५६ आहेत आणि इंडियन एअरलाइन्सने घेतली होती व्ही२५००, म्हणून हा खर्च. तेवढं बदललं की झालं, अशा समजुतीत होते.

अण्णा चहा घेऊन आले, डब्यातल्या फांद्या (सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) बघितल्या, चष्मा कपाळावर नेला.

"चाकं किती आहेत याला?"

"सहा. पुढे दोन, मागे दोन-दोन."

"मग हे आमचं नव्हे. आमच्याला दहा."

आणि चहा घेऊन गेलेसुद्धा.

२२ जून, शनिवार

अण्णांचं खरं निघालं. एअरबसने ए३२०ला मागच्या प्रत्येक पायाला चार चाकांची बोगी असा पर्याय ठेवला होता. वजन जास्त चाकांवर वाटलं जातं, त्यामुळे कमी ताकदीच्या धावपट्टीवरही विमान उतरवता येतं. तो पर्याय घेणारी जगात एकच कंपनी, आपली. १९८९पासून जी विमानं आली त्यांना ही बोगी होती. बाकी दुनियेच्या ए३२०ला मागे चारच चाकं.

इतकी वर्षं मुंबईच्या आकाशात पोट दाखवत गेलेली ही विमानं, जरीमरीच्या रस्त्यावर उभं राहिलं तर डोक्यावरून जायची, आणि मी कधी मोजली नाहीत. वरून बघणाऱ्याला विमान म्हणजे शेपटीचा रंग आणि खिडक्या. ज्याने आयुष्यभर खाली वाकून काम केलं त्याच्यासाठी विमान म्हणजे चाकं.

दहा चाकांचा भाग बाजारात शोधला, मला मिळाला नाही. म्हणजे करावा लागणार.

मोजमाप: पुढच्या चाकापासून मागच्या पायापर्यंतचं अंतर १२.६४ मीटर, हा आकडा पक्का. म्हणून बाजूने काढलेला सरळ फोटो घेतला आणि त्या अंतरावरून बाकीची मापं काढली. १/१४४मध्ये ते अंतर ८७.८ मिमी येतं. बोगीचं चाक आलं साधारण सव्वासहा मिमी, पुढच्या-मागच्या आसांत सात मिमी. डब्यातलं चाक आठ मिमीचं आहे, म्हणजे तेच दुप्पट लावून भागणार नाही. चाकं एकमेकांवर चढतील.

लागणार आठ चाकं, अगदी एकसारखी. एकसारख्या बारीक वस्तू ओतणं हाच माझा धंदा आहे. दादरला दातांच्या लॅबमध्ये अठरा वर्षं तेच करतेय.

३० जून, रविवार

इंजिनं. इथे रमायला झालं.

सीएफएम५६चं बाहेरचं कवच आखूड असतं, मागून आतला गाभा बाहेर डोकावतो. व्ही२५००चं कवच सलग शेवटपर्यंत जातं, थंड हवा आणि गरम वायू आतच मिसळून एकाच तोंडातून बाहेर पडतात. म्हणून ते लांब, गुळगुळीत, पाइपच्या तुकड्यासारखं दिसतं. लांबूनही ओळखता येतं. पंख्याची पातीही वेगळी: सीएफएमला ३६ अरुंद, व्ही२५००ला २२ रुंद. रेझिनच्या पंख्याची पाती भिंगाखाली मोजली. बावीस. बनवणाऱ्याने काम इमानदारीने केलंय. खरा पंखा ६३ इंची, इथे अकरा मिमीची चकती, आमच्या मोठ्या दाढेच्या क्राउनएवढी.

ओतकामाचा ठोकळा कापायला लॅबची बारीक करवत वापरली. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट, त्यामुळे मास्क लावून, ओल्या पेपरवर घासलं. पायलनला, म्हणजे इंजिन पंखाला जोडणाऱ्या खांबाला, मात्र अर्धा मिमी फट राहिली. पुट्टी भरून, वाळवून, पुन्हा घासून पावणेबारा वाजले.

५ जुलै

चिमट्याचं नवं टोक आणि पांढऱ्या डिकल कागदाचं (पाण्यात सोडून चिकटवायच्या चित्राक्षरांचा कागद) पार्सल अकरा दिवस कुठल्यातरी गोदामात पडून. रोज 'उद्या'. काल सगळी मुंबई विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीला मरिन ड्राइव्हवर होती. माझं पार्सलही बहुधा तिकडेच गेलं असावं.

८ जुलै, सोमवार

पहाटेपासून धो धो. रात्री एक ते सकाळी सात या वेळात काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर. मध्य रेल्वेचे रूळ पाण्यात, भांडुपहून दादर विसराच. लॅबला फोन करून सुट्टी टाकली आणि ओतकामाला बसले. आजच्याच दिवशी! एवढी अक्कल असती तर.

नमुन्याचं चाक गेल्या आठवड्यात तयार झालंय. प्लास्टिकच्या दांडीचा तुकडा मायक्रोमोटरमध्ये पकडून, फिरवत, कानशीने उतरवला. मधली बशी गोल बरने, दात कोरायच्या टोकाने, खणली. त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला, तोही छान निघाला. मग दोन बाटल्यांचं पॉलियुरेथेन रेझिन मिसळून ओतलं, साचा प्लास्टरच्या व्हायब्रेटरवर ठेवून बुडबुडे काढले.

वीस मिनिटांनी साचा उघडला तर आत पाव. खरंच पाव, जाळीदार, फुगलेला. पॉलियुरेथेनला पाणी चालत नाही. बाटली उघडताना हवेतला दमटपणा जरी आत गेला तरी रासायनिक क्रिया होऊन वायू सुटतो आणि रेझिन फेसाळतं. भांडुपच्या त्या सकाळी हवा आणि पाणी यांत फरक करणं कठीण होतं.

दुसऱ्यांदा: बाटल्या कोमट करून, खोलीत एसी लावून. पाव जरा कमी फुगला, इतकंच.

अण्णांनी एक तुकडा उचलून दाबून बघितला. "हा टायर मी पास केला नसता."

१३ जुलै, शनिवार

डोक्यात उजेड पडायला पाच दिवस लागले. मी रोज जे वापरते ते सोडून नको त्याच्या मागे लागले होते. कवळीचं कोल्ड क्युअर ॲक्रिलिक! पूड आणि द्रव मिसळायचं, साच्यात भरायचं, कोमट पाण्याच्या प्रेशर पॉटमध्ये दोन बारच्या आसपास दाबाखाली ठेवायचं. दाबामुळे पोकळ्या राहत नाहीत आणि पावसाशी त्याचं काही वैर नाही.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये दोन खेपांत बारा चाकं ओतली. दहा निर्दोष, एकाच्या काठाला खळगा, एक माझ्याच बोटातून उडालं. रंग अर्थात हिरड्यांचा गुलाबी, स्टॉकमध्ये तोच होता.

घरी आणून बशीत मांडली. अण्णा बघतच राहिले.

"अगं, हा रंग ओळखीचा वाटतोय."

"तुमच्या कवळीचंच सामान आहे, अण्णा."

त्यांनी कवळी काढून शेजारी धरली आणि खात्री करून घेतली. सासूबाईंनी दोघांनाही स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

१४ जुलै, रविवार

बोगी जुळवली. आसांना ०.७ मिमीची ऑर्थो वायर, दातांच्या तारेचीच. वळवायला ॲडम्स पक्कड. दोन आस जोडणारी आडवी कांब डब्याच्या फांदीतून कापली. चाकाला भोक पाडताना मध्य चुकला तर चाक डुलतं, म्हणून नमुन्यालाच आधी टोचा घेऊन ठेवला होता. तो शहाणपणा आज कामी आला.

टायर खालून चेपलेला दाखवायचा की नाही यावर वाद. मॉडेल करणारे बरेचजण वजन दिसावं म्हणून चाक खालून चांगलंच घासतात. अण्णा म्हणाले, "स्कूटर आहे का ती? नायट्रोजन भरलेला असतो दाबून, इतका कशाला बसेल." दोन-तीन हात घासले, ०.२ मिमी, तेवढ्यावर थांबले. सपाट कड प्रकाशात धरली तरच दिसते.

मग स्वतःहून बोलले. १४ फेब्रुवारी १९९०ला मुंबईहून गेलेलं ए३२० बंगळूरला कोसळलं, त्यानंतर सरकारने सगळी ए३२० जमिनीवर उभी केली. "महिनोन्महिने. उभं विमान म्हणजे सोपं काम असं वाटतं लोकांना. चाकं मधूनमधून फिरवावी लागतात, नाहीतर टायर एकाच जागी बसतो. आम्ही विमान ओढायचो थोडं, परत लावायचो. प्रवासी नाहीत, सामान नाही, आम्ही आपले चाकं फिरवतोय." एवढं सांगून टीव्हीकडे वळले.

चेपलेली कड आहे तेवढीच ठेवली.

२१ जुलै, रविवार

पितळेचे अँटेना. आज एकच काम, साडेचार तास.

पाठीवरचा व्हीएचएफ (रेडिओचा) अँटेना म्हणजे दोन मिमी उंचीचं, मागे झुकलेलं पातं, माशाच्या परासारखं. पत्रा ०.१ मिमी जाड. खऱ्यात तो साधारण दीड सेंटीमीटर होतो, म्हणजे जाडी जवळपास बरोबरच. प्लास्टिकमध्ये असं पातं ओतायचं तर तिप्पट जाड झालं असतं. या भागांसाठी पैसे मोजायचे ते इथेच.

पत्रा काचेच्या तुकड्यावर ठेवायचा. प्लास्टिकच्या मॅटवर कापला तर तो खाली दबून वाकतो. फांदीपासून तोडण्याआधी पातं टेपखाली धरायचं. तुटल्यावर राहिलेला कोंब हिऱ्याच्या कानशीने घासायचा, पण पातं चिमट्यात उभं न धरता आडवं, दोन पट्ट्यांमध्ये. मग अंगावर जागा आखून बारीक पात्याने एक खाच, अर्धा मिमी लांब. पात्याला खाली दात ठेवलेला असतो, तो खाचेत बसतो. नुसतं वरून चिकटवलेलं पातं पहिल्या धूळझटकीला जातं. सुपरग्लू सुईच्या टोकावर, थेंबाच्या चौथाईएवढा. पावसाळ्यात तो लगेच पकडतो, कारण त्याला घट्ट व्हायला दमटपणाच लागतो. सरळ करायला दोन सेकंद मिळतात, फार तर.

त्याचा तोटाही लगेच दिसला. कॉकपिटच्या काचेजवळ वायपर लावले आणि काचेवर पांढरी वाफ धरली. सुपरग्लूचा धूर दमट हवेत बसतो. काच पॉलिश करून काढली आणि दुसरा वायपर साध्या पांढऱ्या गोंदाने लावला. जे मी दुसऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

पोटाखालचा एक अँटेना चिमट्यातून सुटला. टिंग असा आवाज आला आणि संपला विषय. टॉर्च जमिनीला समांतर धरून शोधलं, केरसुणी फिरवली, लोहचुंबक पितळेला काय करणार. शेवटी कोल्ड्रिंकच्या डब्याचा ॲल्युमिनियम कापून नवं पातं केलं. शेजारी ठेवून बघितलं तर मला स्वतःला ओळखू येत नाही.

२८ जुलै

ड्रेन मास्ट दोन, पोटाखाली पुढे आणि मागे. बसले.

पंखांच्या मागच्या कडेच्या, स्थिर वीज हवेत सोडणाऱ्या काड्या लावणार नाही. पत्र्यात दिल्यात, पण खऱ्या काड्या करंगळीहून बारीक, आणि इथे कापल्यावर विमानाला मिशा फुटल्यासारख्या दिसतात. सेटमध्ये आहे म्हणून लावलंच पाहिजे असं थोडंच आहे. गिअरच्या दारांच्या काड्यांपैकीही निम्म्या परत पुडीत.

११ ऑगस्ट, रविवार

शेपूट. नारिंगीवर पांढरा लोगो. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे डिकल छापणं बाद. उपाय उलटा: आधी शेपूट पांढरी, त्यावर लोगोच्या आकाराचा चिकट मास्क, वरून नारिंगी, मग मास्क काढायचा. नारिंगी रंग तसाही पातळ, पांढऱ्या अस्तराशिवाय खुलत नाही.

मास्क कापायला स्टेशनजवळच्या रेडियमवाल्याकडे गेले. रिक्षांवर 'आई' आणि 'साईकृपा' कापून देणारा. फाइल दिली, माप सांगितलं.

"ताई, बारा मिलिमीटर? सेंटीमीटर म्हणायचंय ना?"

मिलिमीटरच, म्हटलं. त्याने मशीनचा वेग कमी केला, पातं बदललं, पहिला तुकडा कोपऱ्यात फाटला, दुसरा बरा, तिसरा झकास. सहा कापून दिले. कुठल्या गाडीला लावायचं विचारलं. विमानाला म्हटल्यावर पैसे घेताना माझ्याकडे जरा जपून बघत होता.

विनाइलचा गोंद फार तगडा, रंग उचलून आणेल, म्हणून मास्क आधी तळहातावर तीन-चारदा चिकटवून मऊ केला. कडांवरून परत पांढऱ्याचाच हलका हात मारला, म्हणजे फटीतून झिरपला तर पांढराच झिरपेल. मग नारिंगी, चार पातळ थर, खोलीत एसी चालू. संध्याकाळी मास्क सोलला. डावी बाजू: कड सुरीने कापल्यासारखी. उजवी बाजू: एका टोकाला केसाएवढा नारिंगी ओघळ. टूथपिकने खरवडला. गेला.

१८ ऑगस्ट

इंजिनांना आधी चकचकीत काळा, वर ॲल्युमिनियम रंग. उघड्या धातूचा भास काळ्या अस्तरावरच येतो. छान झालं. बोगीची चाकंही रंगली, एकदाचा गुलाबी दिसेनासा झाला.

२५ ऑगस्ट, रविवार

अक्षरं. डाव्या अंगावर इंग्रजीत नाव, उजव्या अंगावर हिंदीत. हे डिकल स्वतः बनवले, गडद अक्षरं असल्यामुळे घरचा प्रिंटर चालला. पाण्यात सोडले, सरकवले, मऊ करणारं द्रव लावलं, खिडक्यांच्या ओळीशी समांतर आहेत ना ते भिंगातून तपासलं. दोन तास उजव्या बाजूला गेले.

अण्णांना हाक मारली. त्यांनी विमान हातात घेतलं, आधी उलटं करून चाकं बघितली, मग उजवी बाजू.

"हे तू मराठीत लिहिलंयस."

मी 'एअरलाइन्स' लिहिलं होतं. हिंदीत 'एयर', य घालून. सवयीने बोटांनी मराठी टाइप केलं आणि इतक्या वेळा तपासूनही डोळ्यांना ते बरोबरच दिसत राहिलं. अंतर तपासलं, रेघ तपासली, शब्द वाचलाच नाही.

टेप लावून डिकल उपटला. सोबत थोडा पांढराही निघाला. आज इथेच थांबते.

१ सप्टेंबर, रविवार

पांढरा दुरुस्त, नवा डिकल, यावेळी 'एयर'. छापण्याआधी अण्णांकडून वाचून घेतला. नोंदणी व्हीटी-ईपीबी.

मग बोग्या पायांना लावल्या, विमान टेबलावर उभं केलं आणि ते आरामात शेपटीवर बसलं. नाकात वजन टाकलं होतं, पण शेपटीकडचे रंगाचे इतके थर आणि पुट्टी हिशेबात नव्हती. अंग तर कधीच बंद झालंय. पुढच्या चाकाच्या खणातून दीड मिमीचं भोक पाडलं. कोळीवाड्यातून आणलेले जाळ्याचे शिशाचे मणी त्यातून जाणार नव्हते, म्हणून ते कातरून बारीक केले आणि एकेक आत ढकलले, मागून गोंद. चाळीसच्या आसपास तुकडे गेले तेव्हा नाक हळूच खाली आलं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने दोनदा धुतले. त्याशिवाय सासूबाईंनी पोळ्यांना हात लावू दिला नसता.

दहाही चाकं टेकतात का? कागदाची पट्टी प्रत्येकाखालून सरकवून बघितली. उजव्या बोगीचं मागचं आतलं चाक हवेत, एका कागदाएवढं. आस किंचित वाकवला. आता टेकतं.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काहीच झालं नाही. दीड दिवसाचा आमचा, पण पाहुणे दहा दिवसांचे. विमान फडताळावर होतं. आलेल्या प्रत्येकाने शेपटीचं कौतुक केलं, एका भाच्याने पंखा फिरतो का विचारलं. चाकं कुणी मोजली नाहीत.

आज अर्धमॅट वार्निशचा शेवटचा हात दिला. लाल बीकन वर आणि खाली, डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, थेंबभर पारदर्शक रंगाने. अण्णा दुपारच्या झोपेतून उठून आले, खुर्ची ओढली आणि विमान डोळ्यांच्या पातळीला येईल इतके खाली वाकले.

"पार्किंगला उभं आहे ना?"

"हो."

"मग चॉक कुठे आहेत?"

चॉक म्हणजे उभं विमान सरकू नये म्हणून चाकाला लावायची पाचर. आगपेटीच्या काड्या उभ्या चिरून तिरप्या कापल्या. दोन मिमीचे तुकडे, पिवळा रंग. आठ झाले आहेत, बशीत वाळताहेत. किती लावायचे आणि कुठल्या चाकाला, ते अण्णा उद्या सांगणार आहेत.